नातूबागेतले घर : राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा इतिहास

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरून नातूबागेच्या बोळात वळले की शुक्रवार पेठेत 'कमल कुंज' ही वास्तू लागते. राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. एका माणसाने आयुष्यभर हौसेने, पदरमोड करून जमवलेल्या वस्तू, त्याच्या राहत्या घरात मांडलेल्या, आणि शेवटी घरासकट लोकांच्या झालेल्या. महाराष्ट्रात खाजगी संग्रहातून उभी राहिलेली संग्रहालये आणखीही आहेत. पण सामान्य घरातल्या भांड्याकुंड्यांना इतक्या आदराने जागा देणारे दुसरे मला ठाऊक नाही.

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या वाचकांसाठी लिहिताना पुण्यातल्या संस्थेचा इतिहास का निवडला, हे आधी सांगितले पाहिजे. या संग्रहालयात जे काही आहे, त्यातले पुष्कळसे आपल्या माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात, गोठ्याशेजारच्या अडगळीच्या खोलीत आजही सापडेल. मावळातल्या घरांनी या वस्तू रोज वापरल्या, आणि वापरातून गेल्या तेव्हा बहुतेकांनी त्या मोडीच्या भावाने घालून टाकल्या. केळकरांनी तेच जमवले. म्हणून त्यांच्या संस्थेची हकीकत आपल्याला जवळची वाटावी.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६चा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. वृत्तीने कवी. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत आणि मराठी वाचकांना त्यांची पहिली ओळख झाली ती या नावानेच. कवितेकडून जुन्या वस्तूंकडे ते कसे वळले, याचे नवल वाटायला नको. त्या काळच्या पुण्यात इतिहासाचे वेड हवेतच होते. १८९८ साली विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढे त्याचे बावीस खंड झाले. १९१० साली राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. गावोगाव हिंडून रुमाल सोडायचे, दप्तरे तपासायची, वाळवीच्या तोंडातून कागद ओढून काढायचे, हे व्रत त्या पिढीने घेतले होते.

या व्रताचे फळ काय असते, ते भोर तालुक्याने फार जवळून पाहिले आहे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातून बाहेर आलेली जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणली. शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी त्या शकावलीत नोंदलेली होती. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आज आपण शिवजयंतीला धरतो, तिचा मोठा आधार रोहिडखोऱ्यातल्या एका घराने जपलेल्या त्या कागदांत होता. ते कागद पावसात भिजले असते, चुलीत गेले असते, तर काय झाले असते याचा विचार करावा.

कागदांना असे वाली मिळाले. वस्तूंना मात्र मिळाले नव्हते. तलवार, ढाल, नाणे, ताम्रपट यांच्यापाशी इतिहासाचा अभ्यासक थांबायचा. कारण त्यांवर राजा आहे, लढाई आहे, साल आहे. समईवर साल नसते. अडकित्त्यावर कारागिराचे नाव नसते. पुरणपोळीच्या पोळपाटाला कोण इतिहास म्हणणार? केळकरांनी १९२०च्या सुमारास संग्रहाला हात घातला, तेव्हा सुरुवात त्यांनीही जुन्या सरदार घराण्यांकडच्या चिजांपासून केली. पण लवकरच त्यांचे लक्ष घरातल्या नित्याच्या वापरातल्या वस्तूंकडे गेले आणि तिथेच ते रमले. माझ्या मते संस्थेच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा निर्णय हाच. इमारत, उद्घाटन, देणगी हे सगळे त्याच्या मागून आले.

काळही तसाच होता. पेशवाई जाऊन शतक उलटले होते. इनामे आटत चालली होती, एकत्र कुटुंबे फुटत होती, वाड्यांच्या वाटण्या होत होत्या. वाटणीत जमीन मोजून मिळते, सोने तोलून मिळते, पण चाळीस माणसांचा स्वयंपाक ज्यात शिजायचा ते तपेले कोणी घ्यायचे? ते मोडीत जायचे. पुढे अ‍ॅल्युमिनियम आले, मग स्टेनलेस स्टील आले. कल्हई लावायला नको, चिंचेने घासायला नको, म्हणून घराघरांतल्या बायकांनी ते आनंदाने घेतले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. परंतु त्या आनंदाच्या बदल्यात पितळेची आणि तांब्याची किती भांडी वितळली, त्यांतल्या किती भांड्यांवर कारागिराच्या हाताची नक्षी होती, याचा हिशेब कोणीच ठेवला नाही. केळकर या भट्टीच्या तोंडाशी उभे राहिले आणि हाताला लागेल ते बाहेर काढत राहिले.

यासाठी ते देशभर हिंडले. महाराष्ट्राबाहेर गुजरात, राजस्थान, दक्षिणेतले प्रांत अशी त्यांची भटकंती होती, आणि ती संग्रहात जागोजागी दिसते. पाठीशी ना संस्थान होते ना गिरणी. मिळकत चष्म्याच्या धंद्याची. पत्नी कमलाबाई या उद्योगात त्यांच्यासोबत होत्या. ज्या घरात पाहुण्यांनाही बसायला जागा उरू नये इतक्या वस्तू येत राहतात, त्या घरातल्या गृहिणीच्या संमतीशिवाय असा संग्रह चाळीस वर्षे टिकत नाही, हे वेगळे सांगायला नको. संस्थेच्या इतिहासात कमलाबाईंचे नाव केळकरांच्या बरोबरीने घेतले पाहिजे.

या दांपत्याचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाच्या नावातला 'राजा' तो. बाहेरगावचे कितीतरी लोक ही कुणा राजाची वास्तू समजून येतात. आत आल्यावर त्यांना कळते की हे एका मुलाचे नाव आहे, आणि वडिलांनी आपल्या नावाच्या आधी ते लावले आहे. केळकरांनी आपले दुःख जाहीर केले नाही. त्यांनी त्या नावाने एक घर भरत नेले.

१९६०पर्यंत संग्रहात सुमारे पंधरा हजार वस्तू झाल्या होत्या. १९६२ साली संग्रहालय रीतसर स्थापन झाले. जिथे संसार होता तिथे दालने झाली.

या दोन सालांच्या मधे पुण्यावर एक आघात येऊन गेला होता, आणि त्याचा उगम आपल्या वेल्हे तालुक्यात आहे. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे पानशेतचे धरण फुटले. त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. जुन्या शहराचे काळीज म्हणावे असा भाग तो. मातीच्या भिंतींचे वाडे त्यात बसले, आणि त्यांच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचे सामान चिखलात गेले. पुण्याच्या जुन्या जीवनाची रोजची साधने काही तासांत गेली, आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात तशाच साधनांचे संग्रहालय उभे राहिले. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणाचा संबंध मी जोडत नाही. पण १९६२ साली जे पुणेकर या दालनांतून फिरले असतील, त्यांना या समया आणि ही घंगाळी पाहताना काय वाटले असेल, हे समजण्यासाठी आदल्या वर्षीचा जुलै लक्षात ठेवावा लागतो.

आता थोडे आत जाऊ या. संस्थेचा इतिहास सालांच्या माळेपेक्षा तिच्या वस्तूंत जास्त असतो.

दिव्यांपासून सुरुवात करावी. केळकरांचा दिव्यांवर विशेष जीव. 'लॅम्प्स ऑफ इंडिया' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ साली काढले. समई, निरांजन, पंचारती, साखळीने टांगायचा लामणदिवा, हातात पणती घेऊन उभी असलेली दीपलक्ष्मी, भिंतीतल्या कोनाड्यासाठीचे दिवे, रात्री अंगणात नेण्याचे दिवे. वीज येण्याआधी माणसाच्या संध्याकाळी किती तऱ्हांनी उजळत, हे एका जागी उभे राहून कळते. दिव्याच्या कामाप्रमाणे त्याचा घाट बदलतो. देवापुढचा दिवा स्थिर, बुंध्याशी रुंद. उचलून न्यायच्या दिव्याला मूठ आणि वारा अडवायला आडोसा. कारागिराने आधी गरज पाहिली, मग तिच्यावर मोर बसवला.

विड्याचे सामान हे दुसरे भांडार. पानदाने, चुनाळी, काताच्या डब्या आणि अडकित्ते. अडकित्ता म्हणजे सुपारी कातरायचे साधे हत्यार. दोन पाती, एक बिजागरी. पण इथे त्याच्या दोन मुठी दोन पोपट होतात, घोडा होतात, स्त्री-पुरुषाची जोडी होतात. हात मिटला की जोडी जवळ येते. हे पाहून हसू येते आणि त्या अनाम लोहाराबद्दल, कासाराबद्दल अतोनात आदरही वाटतो.

वज्री फार कमी लोकांना आता ओळखता येईल. न्हाताना टाच घासायची ही वस्तू. खालचा भाग खरखरीत, वरती पितळेचा मोर, हत्ती, घोडेस्वार. काही वज्र्यांच्या पोटात खडे ठेवलेले असतात, म्हणजे घासताना त्या वाजतात. ज्या समाजाने पायाची भेग घासायच्या वस्तूतही नाद ठेवला, त्याच्या सौंदर्यदृष्टीबद्दल लेणी आणि मंदिरे पाहून जितके कळते, तितकेच या ओंजळीत मावणाऱ्या पितळेतून कळते. आणि या दृष्टीला गरिबी-श्रीमंतीचा फारसा अडसर नव्हता.

स्वयंपाकघराचे दालन बायका जास्त वेळ पाहतात. ते पाहताना त्या बोलतात, हे विशेष. पुरुष पाट्या वाचतात. बायका एकमेकींना सांगतात की हे आजीकडे होते, यात शेव पाडायची, याला आमच्याकडे वेगळे नाव आहे. या गप्पा कुणीतरी टिपून ठेवायला हव्यात असे मला नेहमी वाटते. कारण वस्तू टिकली तरी ती धरायची कशी, तिच्यात काय करायचे, तिला कुठल्या गावी काय म्हणत, हे ज्ञान माणसांत असते आणि माणसांबरोबर जाते.

दौती आणि कलमदाने, चित्रविचित्र आकारांची कुलपे, हुक्के, फण्या, करंडे, कोरीव लाकडी दारे आणि खांब, काचेच्या पाठीमागून उलट रंगवलेली काचचित्रे, शस्त्रे. माशाच्या खवल्यांचे आणि मगरीच्या कातड्याचे चिलखत पाहायला शाळेची मुले गर्दी करतात. वाद्यांचे दालन स्वतंत्र लेखाचा विषय आहे. बीन, सारिंदे, नाना जातींची तंतुवाद्ये आणि तालवाद्ये तिथे आहेत, आणि त्यांतली बरीचशी अशी की ती वाजवणारे हात आता शोधूनच काढावे लागतील.

चित्रकथींबद्दल मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवायचे, एका कथेच्या पानांची पोथी करायची, आणि रात्री गावकऱ्यांपुढे एकेक चित्र मांडून गात-गात कथा सांगायची, ही चित्रकथी लोकांची परंपरा. मोठे डोळे, ठसठशीत रेषा, बाणांनी भरलेले आकाश. पैठणकडून मिळालेल्या अशा चित्रांचा मोठा साठा केळकरांनी जमवला, आणि 'पैठणी चित्रे' या नावाने अभ्यासकांत ती ओळखली गेली. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर समाजातील कलावंतांनी हीच परंपरा आजवर जिवंत ठेवली आहे. ज्या काळात शहरी कलारसिक या चित्रांकडे वळूनही पाहत नव्हते, त्या काळात ती उचलून सांभाळली गेली, म्हणून त्यांचा अभ्यास होऊ शकला.

आणि मस्तानी महाल. थोरल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला वास्तू बांधली, ती १७३४ची सांगतात. कालांतराने ती मोडकळीला आली, तेव्हा केळकरांनी तिचे अवशेष आणून संग्रहालयात त्या महालाची मांडणी केली. खांब, नक्षीचे छत, झुंबरे. जी वास्तू जागेवर वाचणे शक्य नव्हते तिचा अंश तरी वाचला. वास्तू उचलून दुसरीकडे न्यावी का, यावर जाणकारांत मतभेद असतात आणि ते रास्त आहेत. मूळ जागी, मूळ मातीवर तिचे जतन होणे केव्हाही चांगले. परंतु जागेवर जतन करणारे कुणी नसेल तेव्हा काय करायचे, याला केळकरांनी दिलेले उत्तर मला पटते.

स्वीडनमध्ये आर्तूर हाझेलियस नावाच्या माणसाने १८७०च्या दशकात असाच विचार केला होता. कारखाने आले, शेतकऱ्यांची जुनी राहणी मोडू लागली, तेव्हा त्याने खेड्यांतले पेहराव, भांडी, अवजारे गोळा केली आणि १८७३ साली स्टॉकहोममध्ये संग्रहालय उघडले. पुढे १८९१ साली 'स्कान्सेन' काढताना त्याने अख्खी घरेच खेड्यांतून सोडवून आणून पुन्हा उभी केली. लंडनचे सर जॉन सोन हे वास्तुविशारद. त्यांनी आपले राहते घर आणि त्यातला संग्रह जसाच्या तसा राष्ट्राला मिळावा, म्हणून १८३३ साली पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला. ते घर आजही तसेच आहे. आपल्याकडे हैदराबादला सालारजंगांचा अफाट संग्रह १९५१ साली त्यांच्या दिवाण देवडी या वाड्यातच लोकांना खुला झाला आणि १९६८ साली नव्या इमारतीत गेला. आणि सातारा जिल्ह्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारले. तिथे राजा रविवर्म्यांची चित्रे आहेत, हेन्री मूरचे शिल्प आहे. बाळासाहेब स्वतः चित्रकार, आणि संस्थानचे अधिपती. त्यांच्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे. पण औंधचे संग्रहालय पाहून सामान्य माणूस थक्क होतो, आणि नातूबागेतले पाहून त्याला आपली आजी आठवते. दोन्ही हवीत. दुसऱ्या प्रकारची मात्र आपल्याकडे फार थोडी आहेत.

१९७५ साली केळकरांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. विकला नाही, वाटला नाही. परदेशातल्या संग्राहकांना भारतीय वस्तूंची चटक लागलेली ती दशके होती. त्यातल्या निवडक वस्तू विकून एखादा माणूस सुखात राहिला असता. संग्राहकाच्या आयुष्यात ही परीक्षेची वेळ असते. जमवणे हा छंद असतो, आणि त्यात स्वतःला सुख असते. देणे ही वेगळी गोष्ट आहे. पन्नासेक वर्षे हाताने पुसलेली एकेक वस्तू यापुढे सरकारी नोंदवहीत जाणार, तिच्यावर क्रमांक पडणार, आपल्या मर्जीने ती हलवता येणार नाही, हे मान्य करून त्यांनी सही केली. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली आणि चष्म्यांच्या व्यवसायातले कवी केळकर डॉ. केळकर झाले. पुणेकरांसाठी ते काका केळकरच राहिले. १९९० साली, चौऱ्याण्णव वर्षांचे आयुष्य पुरे करून ते गेले.

आज संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांतल्या सुमारे अडीच हजार मांडलेल्या आहेत. म्हणजे आठांतली एक. बाकीच्या साठ्यात. तीन मजल्यांच्या घरात याहून अधिक मावणार नाही. गौरवाच्या लेखात अडचणी लिहू नयेत असा एक संकेत असतो, पण संस्थेवर प्रेम असेल तर त्या लिहिल्या पाहिजेत. राहत्या घराचे संग्रहालय करताना जिने, खोल्या, उंची सगळे घराच्या मापाचे असते. व्हीलचेअरवरच्या माणसाला ते अवघड जाते. सहलीची शंभर मुले एकदम आली की मागच्यांना पुढचे दिसत नाही. पावसाळ्यातला दमटपणा कागदाला आणि कापडाला मारक असतो, आणि साठवणीच्या खोल्यांतले हवामान सांभाळणे हे खर्चाचे आणि शास्त्राचे काम आहे. बावधनला मोठे संकुल उभारण्याची योजना बरीच वर्षे बोलली जाते. ती पुरी व्हावी. मात्र ती पुरी होईल तेव्हा नातूबागेतले घर रिकामे करू नये. या वस्तू घरात जन्मल्या, घरातच वावरल्या. उंच छताच्या मोठ्या दालनात वज्री हरवून जाईल. इथे ती हाताच्या अंतरावर आहे.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे येतो, कारण हे सगळे लिहिण्याचा हेतू तोच आहे.

भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे ठाणे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले, त्यांच्या घराण्याने १९४८च्या विलीनीकरणापर्यंत येथे राज्य केले. १८६९ साली बांधलेला राजवाडा आजही उभा आहे आणि चित्रपटांतून सगळ्या देशाने तो पाहिला आहे. वेल्हे तालुक्याला, ज्याला शासनाने आता राजगड हे नाव दिले आहे, राजगड आणि तोरणा हे दोन किल्ले लाभले. किल्ल्यांवर आणि राजवाड्यावर पुस्तके आहेत, लेख आहेत, चित्रफिती आहेत. या किल्ल्यांच्या घेऱ्यातल्या माणसांच्या घरात काय होते, ते कसे शिजवत, कशात साठवत, इरली कशी विणत, भात कांडायचे उखळ कोण घडवत असे, याचा संग्रह आपल्याकडे एका ठिकाणी पाहायला मिळत नाही.

आणि आपले नुकसान वेगाने झाले आहे. ज्या खोऱ्यांनी पुण्याला आणि नीरेकाठाला पाणी दिले, ती ही खोरी. भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले. मग पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी. प्रत्येक धरणात गावे गेली, आणि गाव उठते तेव्हा माणूस डोक्यावर मावेल तेवढेच नेतो. जात्याची तळी, उखळ, दगडी डोणी, मोठी भांडी, वाड्याची कोरीव दारे मागे राहतात किंवा वाटेत विकली जातात. जे तरले ते अलीकडच्या जमिनींच्या व्यवहारांत चालले आहे. जुने घर पाडून त्या जागी बंगला येतो, आणि कोरीव चौकट कुठल्या तरी हॉटेलच्या दारात जाऊन बसते. ती कुठल्या गावची, कुणाच्या घरची, हे तिथे कुणालाच ठाऊक नसते.

मोठी इमारत नसली म्हणून काम अडत नाही, हे केळकरांच्या उदाहरणावरून दिसते. एखाद्या बंद पडलेल्या शाळेची खोली, वापरात नसलेला वाड्याचा सोपा, ग्रंथालयाच्या मागची जागा, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पण जागेच्याही आधी नोंद. हे प्रत्येकाला आजपासून करता येईल. घरातली जुनी वस्तू मोडीत देण्याआधी तिचे छायाचित्र काढावे. ती कुठल्या गावची, कुणी आणली, कुठल्या तांबटाने, सुताराने, कुंभाराने, लोहाराने केली, घरातली वडीलधारी माणसे तिला काय म्हणतात, ती कशी वापरत, हे वहीत लिहून ठेवावे. आजी-आजोबांना बसवून बोलते करावे आणि मोबाइलवर त्यांचा आवाज टिपावा. वस्तू गेलीच तरी नोंद राहील.

कायद्याचीही माहिती असावी. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरतात. हस्तलिखितांसाठी ही मुदत पंचाहत्तर वर्षांची आहे. खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाहीत आणि मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाणी, मूर्ती, भांडी सापडली तर ती दडवू नयेत, तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. १८७८चा निखात निधी कायदा त्यासाठीच आहे. अशी वस्तू एकदा दलालाच्या हाती गेली की तिचा गावाशी असलेला धागा तुटतो, आणि धागा तुटलेल्या वस्तूपासून इतिहासकाराला फार थोडे मिळते.

शाळांनी आणि तरुण मंडळांनी रायगड-प्रतापगडाची सहल काढतात तशी एक सहल नातूबागेची काढावी. मुलांना पाट्या वाचायला लावण्याआधी प्रत्येकाने घरच्या वडीलधाऱ्यांकडून एका जुन्या वस्तूची माहिती लिहून आणावी, आणि तशी वस्तू दालनांत शोधावी. परत आल्यावर त्या वह्या फेकू नयेत, ग्रंथालयात जमा कराव्यात. भोर आणि वेल्ह्याच्या संग्रहालयाची पहिली नोंदवही तीच होईल. ज्यांच्या घरी अशा वस्तू आहेत त्यांनी विकण्याआधी एकदा आपल्या गावच्या शिक्षकांना किंवा ग्रंथपालांना दाखवाव्यात, ही हात जोडून विनंती.